एक्लिप्स ५०० : स्वस्त जेटचं न जुळलेलं गणित

आजचा भाग एका विमानाबद्दल आहे, पण सुरुवात करणार आहे एका बगपासून. धंदाच तो आपला, त्यामुळे सांभाळून घ्या.

५ जून २००८. अमेरिकेतल्या शिकागो शहराचा मिडवे विमानतळ. एक छोटं, दोन इंजिनांचं जेट उतरायला येतंय. आत दोन वैमानिक आणि दोन प्रवासी. धावपट्टी अगदी समोर आली असताना वारा एकदम बदलतो आणि विमान झपकन खाली बसायला लागतं. अशा वेळी कुठलाही वैमानिक जे करेल तेच हा करतो. दोन्ही थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलतो, आणि घाईत जरा जोर लावूनच ढकलतो. विमान सावरतं, चाकं टेकतात, तो थ्रॉटल मागे ओढतो. आणि विमान हळू व्हायच्या ऐवजी धावत सुटतं.

दोन्ही इंजिनं पूर्ण ताकदीवर अडकलेली असतात. थ्रॉटल मागे ओढलेत, पण इंजिनं ऐकतच नाहीत. धावपट्टी संपायच्या आत थांबणं शक्य नाही म्हणून वैमानिक विमान परत हवेत घेतात. समोरच्या पडद्यावर संदेश असतो की डाव्या आणि उजव्या, दोन्ही इंजिनांचं नियंत्रण गेलंय. ते आपत्कालीन पुस्तिका उघडतात. त्यात एका इंजिनाचं नियंत्रण गेलं तर काय करायचं ते लिहिलंय. दोन्हींचं एकदम गेलं तर काय, हे लिहिलेलंच नाही! शेवटी ते उजवं इंजिन बंद करतात. त्याबरोबर डावं इंजिन पूर्ण ताकदीवरून थेट सगळ्यात कमी ताकदीवर येऊन बसतं आणि तेही थ्रॉटलला दाद देईना. म्हणजे आता विमान हवेत आहे आणि जवळजवळ ढकलशक्तीच नाही. तशाच अवस्थेत त्यांनी ते उतरवलं. टायर फुटले, पण चौघंही सुखरूप.

हे असं का झालं, ते सांगतो. पण त्याआधी दहा वर्षं मागे जावं लागेल, कारण हे विमान बनवणारा माणूस मुळात विमानवाला नव्हताच. तो आपल्यातला होता.

त्याचं नाव व्हर्न रेबर्न. मायक्रोसॉफ्ट अगदी लहान कंपनी होती तेव्हाच्या पहिल्या काही माणसांपैकी एक. नंतर लोटस, सिमँटेक अशा कंपन्यांत मोठ्या जागा. स्वतः वैमानिक, विमानांचं वेड. १९९८ मध्ये त्याने एक्लिप्स एव्हिएशन काढली आणि पुढे न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीला बस्तान हलवलं. योगायोग बघा, मायक्रोसॉफ्टचा जन्मही अल्बुकर्कीचाच. बिल गेट्सने या कंपनीत पैसेही घातले.

रेबर्नचं म्हणणं सोपं होतं. सगळ्यात स्वस्त बिझनेस जेट तेव्हा तीस लाख डॉलरच्या वर होतं. तो म्हणाला, मी सहा खुर्च्यांचं जेट ८,३७,५०० डॉलरला देतो. जवळपास चौथ्या हिश्शात. आणि कसं देतो? तर कॉम्प्युटरसारखं. बिझनेस जेट वर्षाला पन्नास-शंभर बनतात, म्हणून महाग पडतात. मी वर्षाला हजार बनवीन. हजार बनले की सुटे भाग स्वस्त, सुटे भाग स्वस्त की विमान स्वस्त, विमान स्वस्त की हजार विकले जातील. हे वर्तुळ एकदा फिरायला लागलं की फिरतच राहणार. अडचण एवढीच, की ते फिरायला सुरुवात कुठून करायची?

या जातीच्या विमानांना पुढे 'व्हेरी लाइट जेट' असं नाव पडलं. व्याख्या तशी ढोबळच आहे. उड्डाणाच्या वेळचं वजन साधारण १०,००० पौंडांच्या, म्हणजे साडेचार टनांच्या आत, आणि एकट्या वैमानिकाला चालवता येईल असं. एक्लिप्सचा पहिला आराखडा तर ४,७०० पौंडांचा होता. दोन टनांच्या थोडं वर. तुमच्या-आमच्या रस्त्यावरची मोठी एसयूव्हीच जवळपास तेवढी भरते.

एवढं हलकं जेट शक्य कसं होतं? तर एका इंजिनामुळे. किंवा, एका इंजिनाच्या आशेमुळे म्हणा.

मिशिगनमधली विल्यम्स इंटरनॅशनल ही कंपनी क्रूझ मिसाइलची चिमुकली इंजिनं बनवण्यात वाकबगार. टॉमाहॉक क्षेपणास्त्राचं इंजिन त्यांचंच. १९९६ पासून नासाने त्यांच्याबरोबर एक कार्यक्रम राबवला, की लहान विमानांसाठी हलकं, स्वस्त टर्बोफॅन तयार व्हावं. त्याच सुमाराला बर्ट रुटानच्या कंपनीने विल्यम्ससाठी व्ही-जेट टू नावाचं एक देखणं प्रायोगिक विमान बनवलं आणि ते १९९७ मध्ये ऑशकॉशच्या मेळाव्यात उडालं. एक्लिप्सची वंशावळ इथून सुरू होते. रेबर्नने कल्पना उचलली, प्लास्टिक-फायबरचं शरीर सोडून ॲल्युमिनियम घेतलं आणि इंजिन ठरवलं विल्यम्सचं ईजे२२.

या ईजे२२ चे आकडे ऐका. ढकलशक्ती ७७० पौंड, वजन ८५ पौंड. म्हणजे ३९ किलोचं इंजिन आपल्या वजनाच्या नऊ पट ढकलणार. कागदावर अफाट. २६ ऑगस्ट २००२ ला पहिलं एक्लिप्स ५०० याच इंजिनांवर उडालं. आणि नोव्हेंबर संपता संपता एक्लिप्सने विल्यम्सशी करार मोडला. इंजिन ठरलेली कामगिरी आणि भरवसा देत नव्हतं, असं कंपनीचं म्हणणं.

विचार करा. तुमच्याकडे हजारावर ऑर्डर आहेत, विमान एकदा उडालंय, आणि त्याला इंजिन नाही.

फेब्रुवारी २००३ मध्ये कॅनडाच्या प्रॅट अँड व्हिटनीचं पीडब्ल्यू६१०एफ ठरलं. चांगलं, दणकट इंजिन. ढकलशक्ती ९०० पौंड. पण वजन जवळजवळ २६० पौंड, म्हणजे ११८ किलो. आधीच्या तिप्पट! आणि विमानात वजन वाढतं तेव्हा ते एकटं कधीच वाढत नाही. इंजिन जड झालं की ते धरणारा सांगाडा जड करावा लागतो. एकूण वजन वाढलं की तेवढंच अंतर जायला जास्त इंधन लागतं, इंधनाला टाकी लागते, टाकीला पंख लागतो. एक्लिप्सच्या पंखांच्या टोकांना त्या लांबुळक्या टाक्या दिसतात ना, त्याही मधल्या काळात आणखी मोठ्या कराव्या लागल्या. ४,७०० पौंडांचं विमान शेवटी ६,००० पौंडांच्या आसपास जाऊन थांबलं. पहिली विमानं २००४ मध्ये मिळणार होती ती २००६ वर गेली. किंमत झाली साडेनऊ लाख. नवीन इंजिनांवरचं पहिलं उड्डाण झालं ते २००४ च्या अगदी शेवटी.

आता इथे एक गोष्ट मनापासून सांगायला हवी, नाहीतर हा भाग नुसता फजितीचा होईल. विमान म्हणून ही गोष्ट खरोखर चांगली होती. ताशी ३७० नॉट, म्हणजे जवळपास ६८५ किलोमीटर. ४१,००० फूट उंची, जिथे मोठी प्रवासी विमानं उडतात. चार माणसं घेऊन १,१२५ सागरी मैल, म्हणजे दोन हजार किलोमीटरच्या वर. आणि एवढं करून तासाला साधारण सव्वादोनशे लिटर इंधन. दोन इंजिनांच्या जेटसाठी हा आकडा अविश्वसनीय होता. धावपट्टी लागायची सातशे-साडेसातशे मीटर, त्यामुळे मोठ्या विमानतळाकडे जायचंच कारण नाही, गावाकडची धावपट्टीही चालते.

अर्थात, आत उभं राहता येत नाही. छत सव्वाचार फुटांवर. स्वच्छतागृह नाही. सहा खुर्च्या म्हणतात, पण टाकी पूर्ण भरली तर सहा माणसं वजनात बसत नाहीत. माणसं किंवा अंतर, एक काहीतरी निवडा. आणि ती ४१,००० फुटांची उंची चैनीसाठी नव्हती. टर्बोफॅन वरच्या विरळ हवेत कमी इंधन खातं. वाहतूक नियंत्रकाने तुम्हाला खालीच अडकवून ठेवलं, तर दोन हजार किलोमीटर विसरा.

कारखान्यातही त्यांनी खरंखुरं नवीन काम केलं होतं. विमानाचा पत्रा साधारणपणे रिव्हेट मारून जोडतात, हजारो रिव्हेट, एकेक. एक्लिप्सने 'फ्रिक्शन स्टिर वेल्डिंग' वापरलं. १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या संस्थेत हे तंत्र निघालं. एक फिरणारं बोथट हत्यार दोन पत्र्यांच्या सांध्यात घुसवायचं. घर्षणाने धातू वितळत नाही, फक्त कणकेसारखा मऊ होतो, आणि हत्यार तो ढवळत पुढे जातं. मागे राहतो तो एकजीव सांधा. याने सात हजारांवर जोडखिळे वाचले. प्रवासी विमानाच्या सांगाड्यासाठी एवढ्या प्रमाणात हे आधी कुणी केलं नव्हतं. इंजिनातली आग विझवायलाही त्यांनी ओझोनला घातक असलेल्या हॅलॉनऐवजी स्वतःचं नवीन रसायन आणलं. २००५ ची मानाची कॉलियर ट्रॉफी एक्लिप्सला मिळाली. ती उगाच नाही मिळाली.

मग घोडं अडलं कुठे? दोन ठिकाणी. एक गणितात आणि एक सॉफ्टवेअरमध्ये.

आधी गणित. वर्षाला हजार विमानं घेणार कोण? श्रीमंत हौशी वैमानिक काही हजाराने नसतात. उत्तर होतं, एअर टॅक्सी. आणि तिथे पुन्हा आपल्यातलाच एक माणूस येतो. एड याकोबुची, सिट्रिक्सचा संस्थापक. त्याची कंपनी डेजेट. फ्लोरिडातल्या लहान शहरांमध्ये जेटची एक-एक खुर्ची विकायची. वेळापत्रक नाही. तुम्ही सांगायचं, मला अमुक ते अमुक वेळेच्या आत पोचायचंय. वेळेत जितकी सैल सोडाल तितकं तिकीट स्वस्त. मग रात्री कॉम्प्युटर बसून ठरवणार, उद्या कोणतं विमान कुणाला कुठून उचलेल. आज आपण शेअर कॅब बुक करतो तेव्हा मागे हेच चालतं. याकोबुचीने ते जेटवर करायला घेतलं, आणि पहिली उड्डाणं सुरू केली ऑक्टोबर २००७ मध्ये. कल्पना वेडी अजिबात नव्हती. पण एक्लिप्स ज्या अडीच हजार ऑर्डर अभिमानाने सांगायची, त्यातला फार मोठा वाटा या एकट्या डेजेटचा होता. म्हणजे एका स्टार्टअपचं पूर्ण गणित दुसऱ्या स्टार्टअपवर टेकलेलं. ती पडली की ही पडणार.

आणि हजार विमानांचं काय झालं? २००७ या पूर्ण वर्षात एक्लिप्सने दिली ९८ विमानं. भाव मात्र हजारांच्या हिशोबाने लावलेले. प्रत्येक विमान तोट्यात बाहेर पडत होतं. किंमत साडेनऊ लाखांवरून पंधराच्या आसपास गेली, २००८ मध्ये साडेएकवीस लाख झाली. नवीन विमानं बनवायला पैसा हवा म्हणून गिऱ्हाइकांकडून विमान तयार व्हायच्या कितीतरी आधी किमतीच्या साठ टक्के रक्कम घेतली जाऊ लागली. आपल्याकडे फ्लॅट बुक केलेल्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

आता सॉफ्टवेअर. एक्लिप्सचा कॉकपिट हा रेबर्नचा खरा अभिमान. गेजच्या गर्दीऐवजी मोठे पडदे आणि मागे कॉम्प्युटर, जे इंजिनापासून हवामान नियंत्रणापर्यंत सगळं एकत्र बघतील. नाव एव्हिओ. पण ते वेळेत पूर्ण होईना. ३० सप्टेंबर २००६ ला अमेरिकेच्या एफएएने विमानाला पूर्ण प्रमाणपत्र दिलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच गोष्टी यायच्या होत्या. पहिल्या मालकांना विमान मिळालं ते पडद्यावर चालता नकाशा नसलेलं. पंधरा लाखांचं जेट आणि दिशा बघायला हातात धरायचा जीपीएस! बर्फ साचणाऱ्या ढगांत जायची परवानगीही नव्हती, ती २००८ मध्ये आली. २००७ च्या सुरुवातीला कंपनीने पडदे आणि सॉफ्टवेअर देणारा पुरवठादारच बदलला. म्हणजे विमानं गिऱ्हाइकांकडे उडतायत आणि इकडे कॉकपिट नव्याने लिहिणं सुरू आहे.

त्या ३० सप्टेंबरची तारीखही बघण्यासारखी आहे. तो शनिवार होता. आणि अमेरिकन सरकारच्या आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. एफएएच्याच अभियंत्यांच्या संघटनेने पुढच्या महिन्यात तक्रार नोंदवली, की आमचे आक्षेप डावलून हे प्रमाणपत्र दिलं गेलं. दोन वर्षांनी अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकाने सांगितलं की कॉकपिटच्या सॉफ्टवेअरची ठरलेली कसोटी पूर्ण झालेली नसताना एफएएने कंपनीकडून 'नंतर पूर्ण करू' असं लेखी आश्वासन घेऊन पुढे जाऊ दिलं. उधारीची चिठ्ठीच ती. हेही सांगतो की त्याच सुमाराला एफएएने नेमलेल्या वेगळ्या समितीने विमान प्रमाणपत्राला पात्र होतं असाच निष्कर्ष काढला, कार्यपद्धतीत मात्र ढिलाई होती असं म्हटलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. मग हसू विरलं. कारण तिमाहीच्या शेवटच्या शुक्रवारी 'नोन इश्यूज' अशी यादी जोडून रिलीज पुढे ढकललेला मी स्वतः आहे. फक्त माझ्या कोडवर कुणी ४१,००० फुटांवर बसलेलं नव्हतं.

तर, आता मिडवेचा बग. अपघात तपासणाऱ्या एनटीएसबीने शोधलं ते असं. या विमानात थ्रॉटलला इंजिनाशी जोडणारी तार नाही. थ्रॉटलची जागा सेन्सर मोजतो, त्याचं व्होल्टेज होतं, आणि इंजिनाचा कॉम्प्युटर ते वाचून इंधन ठरवतो. व्होल्टेज अमुक ते अमुक याच्या आत असलं तर खरं मानायचं. बाहेर गेलं तर समजायचं की सेन्सर बिघडला, त्याचं ऐकायचं नाही, आणि शेवटची जी खरी किंमत माहीत होती ती धरून ठेवायची. वैमानिकाने घाबरून थ्रॉटल पुढच्या अडणीवर जोराने दाबले. लिव्हर केसभर जास्त सरकले. व्होल्टेज मर्यादेच्या थोडं वर गेलं. कॉम्प्युटर म्हणाला, सेन्सर बिघडला. शेवटची खरी किंमत काय होती? पूर्ण ताकद. धरून ठेवा.

सांगा बघू, यात चूक कुठली ओळ आहे? कुठलीच नाही. एकेकटी बघितली तर प्रत्येक ओळ शहाणपणाची आहे. चुकीचा डेटा आला तर शेवटचा चांगला डेटा वापरा, हे आम्ही सगळे लिहितो. मी गेल्याच वर्षी लिहिलंय, एका भाव दाखवणाऱ्या सर्व्हिससाठी, आणि रिव्ह्यूमध्ये कुणी भुवईसुद्धा उंचावली नाही. पण घाबरलेला माणूस लिव्हर किती जोरात ढकलेल, हा आकडा त्या मर्यादेत धरलेला नव्हता. आणि दोन इंजिनं असतात ती एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून. इथे दोन्हींचं सॉफ्टवेअर एकच, दोन्ही लिव्हर एकाच हाताने ढकललेले, त्यामुळे दोन्ही एकाच क्षणी एकाच कारणाने गेली. पुस्तिकेत दोन्हींचं पान नव्हतं, कारण दोन्ही एकदम जातील असं कुणाला वाटलंच नव्हतं. एनटीएसबीने तातडीच्या शिफारशी दिल्या आणि १२ जूनला, म्हणजे सात दिवसांत, एफएएचा आणीबाणीचा आदेश निघाला. थ्रॉटल तपासा, आणि पुस्तिकेत ते पान घाला.

जुलैच्या शेवटी रेबर्नला पायउतार व्हावं लागलं. आणि सप्टेंबरमधला तो एक आठवडा. सोमवारी, १५ तारखेला, लेहमन ब्रदर्स बुडाली. बुधवारी संसदेच्या उपसमितीपुढे ती सुनावणी झाली. शुक्रवारी डेजेट बंद पडली. भांडवल मिळेना म्हणून. अठ्ठावीस विमानं उभी राहिली. नोव्हेंबरमध्ये एक्लिप्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. एका युरोपियन खरेदीदारामार्फत रशियन सरकारी बँकेचा पैसा येणार, रशियात कारखाना निघणार, अशी बोलणी झाली. पैसा आला नाही. २००९ च्या फेब्रुवारीत कंपनी मोडीत काढायचा निर्णय झाला. तोवर एक अब्ज डॉलरच्या वर खर्च झाले होते आणि विमानं गेली होती २६० च्या आसपास. साठ टक्के भरून बसलेल्या गिऱ्हाइकांना धनकोंच्या रांगेत शेवटी उभं राहावं लागलं.

याच काळात कॅन्सस राज्यात सेस्ना कंपनी सिटेशन मस्टँग बनवत होती. इंजिन त्याच प्रॅट अँड व्हिटनी घराण्यातलं. कॉकपिट गार्मिनचा, आधीच विकला जाणारा, तयार. विमान एक्लिप्सपेक्षा जड, थोडं हळू, जास्त इंधन पिणारं, आणि किंमत पंचवीस लाखांच्या वर. कुणी त्याला क्रांती म्हटलं नाही. प्रमाणपत्र मिळालं ८ सप्टेंबर २००६ ला, एक्लिप्सच्या तीन आठवडे आधी. २०१७ मध्ये उत्पादन थांबलं तोवर पावणेपाचशेच्या वर मस्टँग विकली गेली होती. वर्षाला चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे या जातीच्या विमानांची बाजारपेठ मुळात तेवढीच होती. हजार कधीच नव्हती.

एक्लिप्सचं मात्र तिथेच संपलं नाही. २००९ मध्येच काही जणांनी मिळून तिची मालमत्ता चार कोटी डॉलरला घेतली. अब्जाची वस्तू चार कोटींना. त्यांनी आधीची अर्धवट विमानं एकेक करून पूर्ण केली. चालता नकाशा आला, बाकी राहिलेलंही आलं. मग एक्लिप्स ५५० नावाने नवीन काढली, तीसेक विकली. त्यात थ्रॉटल कॉम्प्युटर स्वतः हलवतो. किंमत सत्तावीस लाखांच्या पुढे. ती कंपनीही २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली.

पण जुनी एक्लिप्स आजही उडतात. पहिल्या कंपनीच्या हिशोबाने जे विमान तोट्याशिवाय बनणारच नव्हतं, ते आता दुसऱ्या-तिसऱ्या हाताने मिळतं, आणि तासाला सव्वादोनशे लिटरमध्ये अजूनही दुसरं दोन इंजिनांचं जेट सहसा सापडत नाही. विमानांचे माग दाखवणारं एखादं अ‍ॅप उघडा आणि अमेरिकेवर 'ईए५०' हा टाइप शोधा. एखादं तरी दिसेल. चला, भेटू पुढच्या भागात.